१,४२१ प्रवेशिका, आठ परीक्षक आणि एक भिंत : परीक्षण म्हणजे नेमकं काय मोजणं?



गेल्या वेळी आपण संशोधनाचा प्रश्न कसा पक्का करायचा ते पाहिलं. आज पुढचा टप्पा. तुमचं काम कोणीतरी तपासणार आहे. आज ते सिनॉप्सिस असेल, उद्या पेपर, परवा थिसिस. तपासणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हाला ओळखत नसतो आणि तुम्ही त्याला. तो काय बघतो? त्याचा निकाल बरोबर आहे हे कसं ठरवायचं? आणि तुम्ही स्वतः तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसलात तर काय सांभाळायचं?

हे समजावून सांगायला मी आज प्रयोगशाळेतलं उदाहरण घेणार नाही. कलेतलं घेणार आहे. त्याला कारण आहे. आधी ते सांगते.

आमच्या कॉलेजमध्ये २६ जानेवारीला चित्रप्रदर्शन भरतं. विषय होता ‘संविधान आणि मी’. मुलांनी चित्रं द्यायची, तिघांच्या परीक्षक मंडळाने त्यातली काही निवडून भिंतीवर लावायची आणि तीन बक्षिसं द्यायची. दोन प्राध्यापक होते. तिसरी मी. मला चित्रकलेतलं काही कळतं म्हणून नव्हे, तर “सायन्सकडचं कोणीतरी हवं” म्हणून. गुणपत्रिकेत चार रकाने होते: विषयाची मांडणी, रंगसंगती, नावीन्य, एकूण परिणाम. प्रत्येकी दहा गुण.

एका मुलीने मतदान केंद्राबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग काढली होती. फाटकी स्लीपर, पॉलिश केलेले बूट, एक लहान मुलाची चप्पल, एका बाजूला टेकवलेली काठी. माणूस एकही नाही, झेंडा नाही, संविधानाचं पुस्तक नाही. मी ‘विषयाची मांडणी’ या रकान्यात दहापैकी चार दिले आणि पुढचं चित्र उचललं. ते चित्र भिंतीवर लागलं नाही. प्रदर्शनानंतर ती मुलगी प्रयोगशाळेच्या दारात आली आणि विचारलं, “ताई, माझ्या चित्रात काय कमी पडलं?”

मला उत्तर देता आलं नाही. चार गुण का, तीन किंवा सात का नाही, हे मलाच माहीत नव्हतं. रोज उपकरणाच्या प्रत्येक वाचनासोबत त्रुटी किती ते लिहिणारी मी, एका माणसाच्या कामाला मोजपट्टी नसताना आकडा देऊन मोकळी झाले होते.

त्यानंतर मी परीक्षणाबद्दल वाचायला लागले आणि वाचता वाचता १९८१ सालच्या वॉशिंग्टनमधल्या एका स्पर्धेपाशी येऊन थांबले. संशोधनपद्धतीच्या पुस्तकातले चार-पाच अवघड शब्द मला या एका उदाहरणातून जितके कळले, तितके लेक्चरमध्ये कळले नव्हते. म्हणून ते तुमच्यासमोर ठेवते आहे.

स्पर्धा कशासाठी होती?

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांच्या आसपास सैनिक मेले. त्या युद्धावरून देश आतून दुभंगलेला होता. युद्ध योग्य होतं म्हणणारे एकीकडे, विरोधात रस्त्यावर उतरलेले दुसरीकडे. परत आलेल्या सैनिकांचं कौतुक तर सोडाच, त्यांच्याबद्दल बोलणंही लोक टाळत होते.

जॅन स्क्रग्ज हा त्या युद्धात जखमी झालेला एक साधा सैनिक. परतल्यावर तो अमेरिकन युनिव्हर्सिटीत शिकला आणि युद्धावरून आलेल्यांच्या मनावर काय परिणाम होतात याचा अभ्यास केला. म्हणजे या गोष्टीच्या मुळाशीही एका विद्यार्थ्याचं संशोधनच आहे. १९७९ मध्ये त्याने काही माजी सैनिकांना घेऊन एक निधी स्थापन केला. स्मारक बांधायचं, पण सरकारी पैशाने नाही, लोकवर्गणीतून. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने जागा मंजूर केली. जागा कुठली? लिंकन स्मारकाच्या शेजारी, राजधानीच्या अगदी मध्यावर.

आता प्रश्न आला आराखड्याचा. ज्या युद्धाबद्दल देशाचं एकमत नाही, त्याचं स्मारक कसं दिसावं हे कोणी ठरवायचं? सरकारने? लष्कराने? सैनिकांनी? निधीच्या मंडळींनी खुली राष्ट्रीय स्पर्धा घ्यायचं ठरवलं. अठरा वर्षांवरील कोणीही अमेरिकी नागरिक भाग घेऊ शकत होता. वास्तुविशारद असायची अट नाही. पहिलं बक्षीस २० हजार डॉलर.

निकष : मोजता येणारे आणि ठरवावे लागणारे

स्पर्धेच्या मुख्य अटी चार होत्या. एक, स्मारक चिंतनाला प्रवृत्त करणारं असावं. दोन, आजूबाजूच्या परिसराशी त्याचा मेळ असावा. तीन, मेलेल्या आणि बेपत्ता असलेल्या सर्वांची नावं त्यावर असावीत. चार, युद्धाबद्दल कोणतंही राजकीय विधान त्यातून होऊ नये.

इथे जरा थांबा. वही घ्या आणि या चार अटी दोन रकान्यांत वाटा. एका रकान्यात अशी अट लिहा, जी पाळली की नाही हे दोन अनोळखी माणसं स्वतंत्रपणे तपासून सारखंच सांगतील. दुसऱ्या रकान्यात बाकीच्या.

पहिल्या रकान्यात फक्त तिसरी अट जाईल. नावं आहेत की नाहीत हे मोजता येतं. ‘चिंतनाला प्रवृत्त करणारं’ आणि ‘राजकीय विधान नको’ हे मोजता येत नाही, ते ठरवावं लागतं. संशोधनपद्धतीत आपण कार्यात्मक व्याख्या शिकतो ती हीच. एखादी संकल्पना प्रत्यक्षात कशावरून ओळखायची हे आधी लिहून ठेवणं. ‘ताण’ म्हणजे काय हे सांगणं वेगळं आणि ‘या प्रश्नावलीत इतके गुण म्हणजे ताण’ असं सांगणं वेगळं. माझ्या गुणपत्रिकेतल्या ‘विषयाची मांडणी’ या रकान्याला अशी व्याख्याच नव्हती. झेंडा दिसला नाही म्हणून माझ्या हातून चार पडले. म्हणजे ‘मांडणी’ची माझी नकळत झालेली व्याख्या ‘झेंडा असणे’ अशी होती! ती मी लिहून काढली असती, तर वाचून माझी मलाच लाज वाटली असती.

एक लक्षात ठेवा. ठरवावे लागणारे निकष वाईट नसतात. त्यांच्याशिवाय कलेचंच काय, विज्ञानाचंही परीक्षण होत नाही. ‘हा प्रश्न महत्त्वाचा आहे का’ हे कुठल्या यंत्राने मोजणार? फक्त कुठला निकष कुठल्या रकान्यातला आहे याची तपासणाऱ्याला जाणीव हवी.

विमानाच्या हँगरमधलं प्रदर्शन

३१ मार्च १९८१ या शेवटच्या तारखेपर्यंत १,४२१ प्रवेशिका आल्या. त्या मांडायच्या कुठे? अँड्र्यूज या हवाई दलाच्या तळावरचं विमान ठेवायचं हँगर घेतलं गेलं. फलक एकापुढे एक लावले, तर रांग मैलभरापेक्षा लांब भरली. कल्पना करा: आपल्या देशाच्या एका दुखऱ्या इतिहासाकडे कसं बघावं, याची १,४२१ उत्तरं एका छताखाली उभी आहेत. त्या आधी कधीही अमेरिकेत या एका युद्धाबद्दल इतक्या लोकांनी एका वेळी एका ठिकाणी आपलं म्हणणं मांडलं असेल, असं मला वाटत नाही. माझ्या दृष्टीने हे हँगर हीच त्या स्पर्धेतली सर्वांत लोकशाही जागा होती.

कुठल्याही फलकावर नाव नव्हतं. फक्त क्रमांक. नावाजलेल्या वास्तुविशारदाचा फलक आणि हौशी माणसाचा फलक शेजारी शेजारी. याला आपण ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतो.

परीक्षक आठ होते: दोन वास्तुविशारद, दोन भूदृश्यरचनाकार, तीन शिल्पकार आणि एक या क्षेत्रातले संपादक-समीक्षक. हे संपादक म्हणजे ग्रेडी क्ले, मंडळाचे अध्यक्ष. आठवड्याभराच्या आत त्यांनी १,४२१ मधून २३२ निवडल्या, २३२ मधून ३९, आणि ३९ मधून एक.

मी सहज भागाकार करून बघितला. १,४२१ मधून २३२ म्हणजे साधारण सहातली एक. २३२ मधून ३९ म्हणजे पुन्हा सहातली एक. दोन्ही चाळण्या जवळपास सारख्याच बारीक. पण दोन्हींचं काम सारखं नसतं. पहिल्या चाळणीत परीक्षक ‘काय नको’ ते शोधत असतो, शेवटच्या चाळणीत ‘काय हवं’ ते. तुमचा पेपर पाठवताना हे डोक्यात असू द्या. संपादकाच्या टेबलावरून पेपर परत येतो, तेव्हा बहुतेक वेळा तो पहिल्या चाळणीत अडकलेला असतो: विषय त्या जर्नलचा नाही, गोषवारा कळत नाही, आकृत्या वाचता येत नाहीत. तिथे तुमच्या कल्पनेच्या खोलीपर्यंत कोणी पोहोचलेलंच नसतं. म्हणून पहिल्या नकारावरून स्वतःच्या कल्पनेला नावं ठेवू नका.

क्रमांक १०२६

निवडलेली प्रवेशिका होती क्रमांक १०२६. आठही परीक्षकांचं एकमत झालं. नाव उघडलं तेव्हा कळलं, की ही येल विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेणारी एकवीस वर्षांची मुलगी आहे. माया लिन. ओहायो राज्यात जन्मलेली, आईवडील चीनमधून आलेले. स्मशानवास्तू या विषयाच्या वर्गात केलेल्या कामातून तिची कल्पना निघाली होती आणि त्या वर्गात तिला ‘बी’ श्रेणी मिळाली होती. वर्गातल्या ‘बी’ने खचणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कल्पना काय होती? जमिनीत उतरत जाणाऱ्या, काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या एका कोनात मिळणाऱ्या. टोकाला जेमतेम वीतभर उंच, मध्यभागी तीन मीटरच्या आसपास. एक भिंत लिंकन स्मारकाकडे निर्देश करते, दुसरी वॉशिंग्टन स्मारकाकडे. भिंतीवर फक्त नावं. पुतळा नाही, घोडा नाही, पदं नाहीत, शौर्याची वाक्यं नाहीत. पॉलिश केलेल्या काळ्या दगडात नाव वाचणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो. (हा दगड आपल्याकडचा आहे बरं का. बेंगळुरूजवळच्या खाणीतून तो तिकडे गेला.)

तिच्या फलकावरची चित्रं मऊ, धूसर पेस्टलची होती. व्यावसायिक कार्यालयांच्या काटेकोर रेखाटनांपुढे ती कच्चीच वाटली असती. पण सोबत तिने हाताने लिहिलेलं एक पान होतं: माणूस या जागेत कसा उतरेल, काय बघेल, कसा बाहेर पडेल. चित्रात जे दिसत नव्हतं, ते या पानाने दाखवलं. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, तुमच्या गोषवाऱ्याचं काम हेच असतं. तुमच्या डोक्यातलं वाचणाऱ्याच्या डोक्यात उभं करायचं. तिथे जड शब्द उपयोगी पडत नाहीत, क्रम उपयोगी पडतो.

आणि नाव झाकलेलं नसतं तर? लिनने स्वतः नंतर सांगितलं आहे, की परीक्षण अनामिक नसतं तर ती जिंकली नसती. विद्यार्थिनी, पदवीसुद्धा हातात नाही, आडनाव चिनी. यातली एकेक गोष्ट परीक्षकाच्या मनात नकळत वजन टाकते. माझ्यासमोर चपलांचं चित्र आलं, तेव्हा शेजारच्या परीक्षकांनी “ही ती पहिल्या वर्षाची” असं सहज म्हटलं होतं. त्या एका वाक्याने माझा किती गुणांचा फरक पडला? सांगता येत नाही. सांगता येत नाही, म्हणूनच ते वाक्य कानावर पडायला नको होतं.

एकमत झालं, मग वादळ का उठलं?

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढे बिघडते, आणि शिकण्यासारखं खरं तिथेच आहे.

निकाल जाहीर झाल्यावर काही महिन्यांत विरोध पेटला. एका माजी सैनिकाने सरकारी कला आयोगासमोर या आराखड्याला लाजेची काळी जखम म्हटलं. पांढऱ्या संगमरवराच्या शहरात काळा दगड कशाला? बाकी स्मारकं वर उठतात, हे जमिनीत का जातं? झेंडा कुठे आहे? स्पर्धेसाठी पैसे देणारे उद्योगपती रॉस पेरो विरोधात गेले. व्हिएतनाममध्ये लढलेले लेखक जेम्स वेब यांनी पाठिंबा काढून घेतला. लिनच्या वंशावरूनही घाणेरडं बोललं गेलं. तेव्हाचे अंतर्गत खात्याचे (इंटिरियर) मंत्री जेम्स वॉट यांनी बांधकामाचा परवाना अडवून धरला.

वंशावरून बोलणाऱ्यांना बाजूला ठेवा, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण उरलेल्यांचं म्हणणं ‘अडाणी लोकांना कला कळत नाही’ म्हणून झटकता येईल का? मला तरी येत नाही. कारण आठ परीक्षकांमध्ये व्हिएतनाममध्ये लढलेला एकही माणूस नव्हता.

इथे दोन शब्द नीट समजून घेऊ: विश्वसनीयता आणि वैधता. परीक्षेत हे हमखास विचारतात आणि आपण घोकून लिहितो.

विश्वसनीयता म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तरी उत्तर सारखं येणं. वैधता म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं जाणं. वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, पण वैध नाही.

आठ जणांचं एकमत ही विश्वसनीयतेची खूण झाली. पण ते आठही जण एकाच व्यवसायविश्वातले होते. सारख्या शिक्षणातून आलेली नजर सारखंच बघते. त्यांनी ‘उत्तम आराखडा’ मोजला आणि तो फार चांगला मोजला. पण मोजायचं तेवढंच होतं का? ‘हा आराखडा त्या सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना आपला वाटेल का’ हेही मोजायचं होतं. त्यासाठी त्या खोलीत वेगळी नजर हवी होती.

उलट बाजूही बघा. मंडळात एखादा माजी सैनिक असता, तर इतर सात जणांनी त्याच्यापुढे मान तुकवली असती का? “तो लढलाय, आपण काय बोलणार?” असं झालं असतं, तर आठ मतांचं एकच मत झालं असतं. आपल्याकडे बैठकीत एक ज्येष्ठ बोलले की बाकीचे “सरांचं बरोबर आहे” म्हणतात, तसंच. म्हणजे मंडळात कोण घ्यायचं या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. नमुना निवडीत आपण हेच शिकतो: कोणाला आत घेतलं यावरून निष्कर्ष कुठपर्यंत ताणता येतो ते ठरतं. आठ तज्ज्ञांचा निकाल तज्ज्ञांपुरता ठाम होता. ‘देशाचा निकाल’ म्हणून तो पुढे केला, तेव्हा तो ताणला गेला.

आणि ती चौथी अट, ‘राजकीय विधान नको’? समर्थक म्हणत होते, फक्त नावं आहेत, यात विधान कुठे आहे? विरोधक म्हणत होते, झेंडा नसणं हेच विधान आहे. मांडणीची व्याख्या आधी न लिहिल्याचा परिणाम इथे दिसतो. निकष एकच, पण प्रत्येकाच्या हातात वेगळी पट्टी.

दुरुस्ती कुठे करायची, कुठे नाही

मग तडजोड झाली. जवळच एक झेंडा आणि सैनिकांचा पुतळा उभारायचा. पुतळ्याचं काम फ्रेडरिक हार्ट या शिल्पकाराला मिळालं. गंमत अशी, की स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या प्रवेशिकेत हाच शिल्पकार सहभागी होता. मार्च १९८२ मध्ये भिंतीचं काम सुरू झालं. पण वाद संपला नाही. विरोधकांना पुतळा भिंतीच्या कोनाशी, अगदी मध्यावर हवा होता. तसं झालं असतं, तर भिंत ही पुतळ्यामागचा पडदा ठरली असती. कला आयोगाने पुतळा मान्य केला, पण बाजूला, थोड्या अंतरावर. भिंतीला हात लावला नाही.

रिव्ह्यूअरचा अभिप्राय आला की मला आता हा निर्णय आठवतो. अभिप्राय दोन प्रकारचे असतात. काही म्हणतात, आणखी एक प्रयोग जोडा, ही शंका फेडा. ते जोडता येतं, आणि बहुतेक वेळा पेपर त्याने सुधारतोच. काही मात्र असे असतात, की ते मानले तर तुमचा मूळ प्रश्नच बदलतो. तिथे नम्रपणे, कारणं देऊन नाही म्हणायचं असतं. कुठला अभिप्राय कुठल्या प्रकारचा हे ओळखायला आपल्या कामाचा ‘कोन’ कुठे आहे हे आपल्यालाच माहीत हवं. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी मला ते माहीत नव्हतं. मी रिव्ह्यूअरचं सगळंच मान्य करत गेले. शेवटी माझ्या गाईडने विचारलं, “आता यात तुझं काय उरलंय?”

भिंतीचं लोकार्पण १३ नोव्हेंबर १९८२ रोजी झालं. पुतळा दोन वर्षांनी आला. लोक भिंतीपाशी आले, नावावर बोटं फिरवली, कागद ठेवून पेन्सिलीने नावाचा ठसा घेतला, पत्रं, बूट, फोटो ठेवून गेले. सुरुवातीला नाकं मुरडलेल्या अनेकांनी तिथे जाऊन मत बदललं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने काळाच्या कसोटीवर उतरलेल्या वास्तूंना देण्यात येणारा पंचवीस वर्षांचा पुरस्कार या भिंतीला दिला.

म्हणून परीक्षक बरोबर आणि विरोधक चूक, असा निष्कर्ष काढायचा का? घाई नको. आज दिसणारं स्मारक म्हणजे परीक्षकांची भिंत, विरोधकांमुळे आलेला पुतळा आणि १९९३ मध्ये आलेलं महिलांचं स्मारक, असं सगळं मिळून आहे. भिंत एकटी राहिली असती तर काय झालं असतं, याचा नियंत्रण गट आपल्याकडे नाही.

‘सर्व’ म्हणजे कोण?

शेवटचा मुद्दा, आणि डेटा हाताळणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा. मघाशी आपण तिसरी अट ‘मोजता येणारी’ म्हणून पहिल्या रकान्यात टाकली. सर्वांची नावं. आता ती परत बाहेर काढा.

पहिला प्रश्न: नावं कुठल्या क्रमाने? सोपं उत्तर अकारविल्हे, सापडायला बरं. पण यादीत स्मिथ आडनावाचे सहाशेहून अधिक होते. तशी भिंत टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. लिनचा आग्रह होता मृत्यूच्या तारखेचा. त्यामुळे एका लढाईत एकत्र पडलेले भिंतीवरही एकत्र आले. १९५९ पासूनची नावं मधल्या कोनापासून उजवीकडे टोकापर्यंत जातात, मग डाव्या टोकापासून सुरू होऊन १९७५ ला परत कोनाशी येतात. पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी. नाव शोधायला तिथे सूची ठेवलेली असते. आपण एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यावर सॉर्ट करतो हा तांत्रिक निर्णय वाटतो. पण क्रम बदलला की शेजार बदलतो, आणि शेजार बदलला की डेटा वेगळं काही सांगू लागतो.

दुसरा प्रश्न: कोणाची नावं? लोकार्पणाच्या वेळी ५७,९३९ होती, आता ५८ हजारांहून अधिक आहेत, कारण मागाहून भर पडत गेली. बेपत्ता म्हणून खूण केलेल्यांपैकी कोणाचा मृत्यू सिद्ध झाला की दगडावरची खूण बदलली जाते. उलट, नोंदींतल्या चुकांमुळे काही जिवंत माणसांची नावंही कोरली गेली. दगडात कोरलेला डेटासुद्धा तपासत राहावा लागतो, तिथे आपल्या एक्सेल शीटचं काय घेऊन बसलात!

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. घरी परतल्यावर युद्धाच्या आघातामुळे आत्महत्या केलेले, तिथे फवारलेल्या रसायनांच्या परिणामांनी वर्षांनंतर गेलेले, हे भिंतीवर नाहीत. त्यांच्यासाठी २००४ मध्ये तिथे एक वेगळी शिळा बसवली. आणि त्या युद्धात मेलेले लाखो व्हिएतनामी? ते या भिंतीवर असणार नव्हतेच, कारण अट लिहिली तेव्हाच ‘सर्व’ या शब्दाभोवती कुंपण घातलेलं होतं. आपण त्याला समावेशाचे आणि वगळण्याचे निकष म्हणतो. प्रबंधात तो एक परिच्छेद असतो आणि बहुतेक जण तो जुन्या प्रबंधातून उचलतात. तसं करू नका. कोण वगळलं गेलं आणि का, हे स्वतःच्या शब्दांत लिहा.

आता तुमच्यासाठी काम

आज रात्री तुमचा सिनॉप्सिस किंवा प्रस्ताव काढा आणि चार गोष्टी करा. त्यातले निकष दोन रकान्यांत वाटा: मोजता येणारे आणि ठरवावे लागणारे. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकासमोर ‘हे मी कशावरून ओळखणार’ ते एका वाक्यात लिहा. मग ‘सर्व’, ‘बहुतेक’, ‘सामान्यतः’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाचं कुंपण कुठे आहे ते लिहा. शेवटी, तुमचं काम तुमच्या विषयाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या. आठ जणांचं एकमत पुरेसं का नव्हतं, ते तुम्ही आता वाचलंच आहे.

यंदाही मला परीक्षक म्हणून बोलावलं. मी दोन अटी घातल्या. चित्रांवर फक्त क्रमांक असावेत, आणि प्रत्येक रकान्याखाली एक ओळ मोकळी असावी, गुण का दिले ते लिहायला. एका प्राध्यापकांनी विचारलं, “एवढा वेळ कोणाला आहे?” वेळ खरंच जास्त लागला. चाळीस चित्रांना अख्खी दुपार गेली, चहा दोनदा झाला. चौथ्या चित्रापाशी आमचे गुण चार आणि नऊ असे पडले आणि कारणांच्या ओळी वाचल्यावर लक्षात आलं, की आम्ही दोघं वेगवेगळ्याच गोष्टी मोजत होतो.

चपलांचं चित्र काढणारी मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिने चित्र दिलं नाही. मी तिला शोधून काढलं आणि गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: कमी तुझ्या चित्रात नव्हतं, माझ्या रकान्यात होतं. ती हसली, आणि म्हणाली, “पण ताई, ते चित्र मी फाडलं.”

ते मला परत आणून देता येणार नाही. म्हणून हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते आहे, तुम्ही अजून त्या खुर्चीत बसायच्या आत.